पेटी एकच, रेकॉर्डर दोन

दोघांनी एकाच क्षणी हात घातला, आणि खोक्याचं एक टोक तिच्या हातात तर दुसरं त्याच्या हातात राहिलं.

जपानच्या किनाऱ्यावरच्या हिमी गावाबाहेरच्या त्या विजेच्या सामानाच्या दुकानात डिसेंबरातल्या शनिवारी फारशी गर्दी नव्हती. बाहेर पाऊस म्हणावा तर पाऊस नाही, बर्फ म्हणावं तर बर्फ नाही, असं काहीतरी सकाळपासून पडत होतं. जेवणाचा डबा विसरलात तरी चालेल पण छत्री विसरू नका, असं या किनाऱ्यावर म्हणतात. चिनात्सु छत्री विसरली नव्हती, पण त्या छत्रीचं पाणी तिच्याच बुटात ठिबकत होतं. खोक्यावर लाल चिठ्ठी डकवलेली होती. शेवटचा नग, पुन्हा माल येणार नाही.

"तुम्ही घ्या ना," तो म्हणाला. हात मात्र त्यानं काढला नाही.

"छे छे, तुम्हीच घ्या," ती म्हणाली. आणि तिनंही सोडलं नाही.

दोन सभ्य माणसं एका वस्तूवर अडली की भांडणापेक्षा जास्त वेळ जातो. दोघं एकमेकांना नमस्कार करत राहिली, खोकं मधल्या मध्ये वर-खाली होत राहिलं. शेवटी चिनात्सुनं वर पाहिलं. उंच, खांदे भिजलेला, तिशीच्या आत-बाहेरचा माणूस होता, आणि त्याचा चष्मा डावीकडे इतका कलला होता की तिला राहवेना. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांच्या नाकावरचे चष्मे सरळ करायचे हाच तिचा धंदा. विचार करण्याआधीच तिचा मोकळा हात वर गेला आणि तिनं तो चष्मा हलकेच सरळ केला… मग आपण काय केलं हे लक्षात येऊन ती कानापर्यंत लाल झाली.

"माफ करा. सवय आहे," ती पुटपुटली.

"मला वाटत होतं दुकानच वाकडं आहे," तो म्हणाला.

ती हसली, पण खोकं घट्ट धरूनच, कारण त्यातली कार्यक्रम साठवायची पेटी तिला खरंच हवी होती. घरातला टीव्हीचा रेकॉर्डर शेवटच्या घटका मोजत होता. आत टकटक वाजायचं, चालू व्हायला अर्धी सकाळ घ्यायचा. आणि या रेकॉर्डरांचा स्वभाव मोठा कडू. आत जमवलेले कार्यक्रम ते कुलपात ठेवतात. कुणी साधी हार्ड डिस्क पुढे केली तर ओळखही दाखवत नाहीत. त्यांचं कुलूप ज्याला समजतं अशाच एखाद्या पेटीला घरातल्या वायरीवरून माल देतात. हल्ली सगळी दुनिया इंटरनेटवर बघते, त्यामुळे असल्या पेट्या बनणंच बंद होत चाललं होतं. आसपासच्या गावांत मिळून उरलेली ही एक.

"आत माझ्या वडिलांचा आवाज आहे," ती म्हणाली. अनोळखी माणसाला हे सांगायचं तिच्या मनात नव्हतं. पण सांगून झालं.

तिचे वडील गेन्जिरो हामातानी हिमीच्या मासळी बाजारात उभं आयुष्य लिलाव पुकारत आले होते. धक्क्यावर त्यांनी हाळी दिली की डोंगरावरच्या देवळातली कबुतरं उडतात, असं लोक म्हणत. मग घशाचं दुखणं निघालं, शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, आवाज गेला. दुखण्याच्या आदल्या हिवाळ्यात गावातल्या केबलवाल्यांनी त्यांच्यावर एक छोटा कार्यक्रम केला होता. केबलवाल्यांचं ते कार्यालय पुढं बंद पडलं. आता तो आवाज जगात एकाच ठिकाणी होता, आणि ते ठिकाण टकटक करत होतं.

त्यानं हात काढून घेतला.

"जोडता येईल तुम्हाला?" त्यानं विचारलं.

"दुकानातले म्हणाले, सोपं आहे."

"ते टोस्टरलाही तसंच म्हणतात." तो जरा घुटमळला. त्याचं नाव इनुई होतं, त्याच्याकडेही त्याच कंपनीचा तसलाच म्हातारा रेकॉर्डर होता, आणि महिनाभर तो याच गोष्टीचा अभ्यास करत होता, असं त्यानं सांगितलं. मग एका दमात म्हणाला, "पेटी मोठी आहे. तुमच्या घरी मी जोडून देतो. माझा रेकॉर्डरही घेऊन येतो. अर्धी पेटी तुमची, अर्धी माझी… चालेल?"

"पहिल्याच भेटीत सामान घेऊन घरी येतो म्हणणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता."

"फक्त रेकॉर्डर आणणार आहे. दात घासायचा ब्रश नाही."

चिनात्सुला वाटलं, याला नाही म्हणणं अवघड आहे. आणि मग वाटलं, नाही म्हणायचं तरी कशाला?

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला तेव्हा आभाळ तसंच गळत होतं. रेकॉर्डर दोन कापडांत गुंडाळून त्यानं कोटाच्या आत छातीशी धरला होता. यंत्र कोरडं, स्वतः ओलाचिंब. दुसऱ्या हातात, तो काम करायचा त्या कारखान्यातल्या माशाच्या रंगीत वड्या होत्या.

गेन्जिरो खोलीच्या मध्यभागी कोतात्सुत, म्हणजे रजई घातलेल्या त्या बुटक्या गरम टेबलाखाली, पाय घालून बसले होते. गळ्याला लावायचं बोलकं यंत्र त्यांनी कधीच परत पाठवलं होतं, कारण फ्रिजनं बोलावं तसा आवाज त्यांना नको होता. त्यांच्याजवळ लहान मुलांची असते तशी पांढरी पाटी असे. तिच्यावर लिहून त्यांनी ती लेकीकडे फिरवली: "हा कोण?"

"पेटीतला अर्धा भागीदार," चिनात्सु म्हणाली.

म्हाताऱ्यानं पाहुण्याला वरपासून खालपर्यंत निरखलं, जसा आयुष्यभर मासा निरखला होता. पाटीवर पुढचा प्रश्न आला: "मासे ओळखतोस?"

इनुई डोंगरातल्या हिदा भागातला होता. समुद्र त्यानं नोकरीला आल्यावर पहिल्यांदा पाहिला, आणि काम मिळालं ते माशाच्या वड्या करायच्या कारखान्यात. "ओळखतो," तो गुडघ्यांवर बसून अदबीनं म्हणाला, "पण दळून झाल्यावर."

गेन्जिरोंचे खांदे हलू लागले. आवाज नसलेलं ते हसू चिनात्सुनं फार दिवसांनी पाहिलं, आणि तिला या ओल्या माणसाबद्दल तिथंच, उंबऱ्यापाशीच, एकदम कृतज्ञ वाटलं.

मग काम सुरू झालं. राउटर दाराजवळच्या कपाटात होता. तिथून वायर भिंतीच्या कडेनं टीव्हीपर्यंत आणायची, पेटी लावायची, दोन्ही रेकॉर्डर लावायचे. इनुई टीव्हीखाली पालथा पडला, चिनात्सु बॅटरी धरून वाकली. दोघांची डोकी एकमेकांवर आपटली, दोघांनी एकमेकांची माफी मागितली, आणि माफी मागताना ती पुन्हा आपटली. पेटीचा हिरवा दिवा लागला, पण रेकॉर्डरच्या पडद्यावर तिचं नाव काही येईना.

"शेजारी शेजारी आहेत आणि ओळख दाखवत नाहीत," ती म्हणाली.

"यंत्रांची आधी ओळख करून द्यावी लागते. कुणाला तरी मध्ये पडावं लागतं."

"आपल्यात कोण पडलं?"

"ती लाल चिठ्ठी," तो टीव्हीखालून म्हणाला, आणि बराच वेळ बाहेरच आला नाही.

ओळख झाली. पडद्यावर पेटीचं नाव उमटलं. तेव्हा इनुईनं गंभीर होऊन दोघांना एक गोष्ट सांगितली. या कार्यक्रमांची नक्कल निघत नाही, ते फक्त हलवता येतात, आणि पेटीत गेले की याच घरात दिसतात. पेटीत भरत जातात तसे रेकॉर्डरमधून पुसले जातात. एका मांडीवरचं तान्हं दुसऱ्या मांडीवर देण्यासारखंच ते आहे. मध्येच कुणी हात सोडला तर संपलं. म्हणून तेवढा वेळ वीज जाता कामा नये. गेन्जिरोंनी जोरात मान डोलावली. त्यांच्या कार्यक्रमाचं नाव इनुईनं विचारून घेतलं, रिमोट घेऊन पडद्यासमोर बसला, काही बटणं दाबली, आणि एक पांढरी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकू लागली.

वाट बघण्याखेरीज काही उरलं नाही, म्हणून गप्पा सुरू झाल्या. चिनात्सुनं त्याला चिडवलं की डोंगरातली माणसं समुद्राला मोठं तळं समजतात. त्यानं कबूल केलं की पहिल्या दिवशी भरतीचं पाणी वाढताना पाहून त्यानं एका कोळ्याला सांगितलं होतं, कुठंतरी नळ फुटलाय. ती इतकी हसली की तिला कोतात्सुच्या कडेला धरून बसावं लागलं.

आता या घराची एक रीत होती. घर जुनं, विजेचा पुरवठा बेताचा. हीटर, कोतात्सु आणि भाताचा कुकर चालू असताना कुणी मायक्रोवेव्ह लावला की दारावरचा मेन स्विच पडायचाच. म्हणून लावण्याआधी स्वयंपाकघरातून ओरडायचं, "लावतेय," आणि खोलीतल्या माणसानं हीटर बंद करून "लाव" म्हणायचं. त्या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत हिवाळाभर हे ओरडणं चालतं. आवाज गेल्यापासून गेन्जिरो ओरडण्याऐवजी दाराच्या चौकटीवर बोटांनी ठोकत. पाहुण्याला गरम साके, म्हणजे तांदळाची दारू, द्यावी म्हणून ते गुपचूप उठले होते, आणि त्यांनी ठोकलंही होतं. पण खोलीत नळ फुटल्याचा विनोद चालला होता. कुणाला ऐकू गेलं नाही. हसतायत पोरं, हसू देत, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी मायक्रोवेव्ह तसाच लावला, हे त्यांनी नंतर लिहून सांगितलं.

खट्.

दिवा गेला, हीटर गेला, पडदा काळा झाला. बाहेर संध्याकाळ होत आली होती. खिडकीतून नुसता करडा उजेड. मग इनुई उठला, चाचपडत दाराकडे गेला आणि त्यानं मेन वर केला.

उजेड आला तेव्हा गेन्जिरो स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. हातात साकेची सुरई. त्यांनी काळ्या पडद्याकडे पाहिलं, मग लेकीकडे, आणि त्यांना कळलं. त्यांचं तोंड उघडलं, मान ताणली गेली, छाती भरली… आणि काहीच बाहेर आलं नाही. शस्त्रक्रियेनंतर त्यांनी ओरडण्याचा प्रयत्न केलेला चिनात्सुनं कधीच पाहिला नव्हता. तिला वडिलांकडे धावायचं होतं आणि धावता येत नव्हतं.

"तुमचं आत आहे," इनुई घाईनं म्हणाला. "शाबूत आहे. मी त्याला अजून हातच लावला नव्हता."

कुणाला काही समजलं नाही.

"मग जात होतं ते?" चिनात्सुनं विचारलं.

"माझं."

तो मान खाली घालून सांगू लागला. पहिल्यांदाच जोडणी केली होती, पेटी नीट चालते की नाही कुणास ठाऊक, म्हणून आधी स्वतःचा एक कार्यक्रम पाठवला. सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता. "नव्या पुलावरून आधी आपण जावं," तो म्हणाला, "मग दुसऱ्याच्या वडिलांना न्यावं."

रेकॉर्डर टकटक करत, रडतखडत उठला. तिघंही श्वास धरून पडद्याकडे बघत होते. यादी आली. गेन्जिरोंचं नाव जिथल्या तिथं होतं. इनुईच्या रेकॉर्डरवर मात्र एक ओळ कमी झाली होती, आणि पेटीत तिच्या जागी उघडता न येणारा एक तुकडा पडला होता. त्यानं तो तुकडा पुसून टाकला, काही झालंच नाही अशा थाटात.

गेन्जिरोंनी सुरई खाली ठेवली. ते त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसले, दोन्ही तळहात चटईवर टेकले आणि कपाळ जमिनीला लावलं. वडिलांनी कुणापुढं असं वाकलेलं चिनात्सुनं पाहिलं नव्हतं. इनुई इतका घाबरला की तोही तसाच खाली गेला, आणि दोघं पुरुष एकमेकांपुढं कपाळ टेकून राहिले. वर कुणी आधी यायचं, तेच दोघांना कळेना. शेवटी चिनात्सुनंच दोघांना उठवलं. गेन्जिरोंनी पाटी ओढली. "मी तुझं घालवलं," त्यांनी लिहिलं.

"स्वयंपाकाचा कार्यक्रम होता हो," इनुई म्हणाला. "मुळा कसा शिजवायचा तो."

पण चिनात्सु त्याच्याकडे बघत होती. दिवसभर लोकांचे डोळे जवळून बघणाऱ्या बाईला कोणता डोळा काय लपवतो ते कळतं. नुसत्या मुळ्यासाठी कुणाचे डोळे असे होत नाहीत.

दुसऱ्या खेपेला घरातलं सगळं बंद केलं. हीटर बंद, कोतात्सु बंद, कुकर बंद. गेन्जिरोंनी फ्रिजचासुद्धा प्लग काढला आणि स्वयंपाकघराच्या दारात, हाताची घडी घालून, मायक्रोवेव्हवर पहारा देत उभे राहिले. चिनात्सु आणि इनुई कोट घालून कोतात्सुत बसले. रजईखाली मघाची ऊब अजून थोडी शिल्लक होती. तोंडातून वाफ निघत होती. पांढरी पट्टी पुन्हा मुंगीच्या पावलानं निघाली, या वेळी वडिलांना घेऊन.

"काय होतं त्यात?" तिनं हळूच विचारलं. "मुळा सोडून."

त्यानं नजर पट्टीवरच ठेवली.

"इकडे आलो तेव्हा कुणी ओळखीचं नव्हतं. दुकानातला पाव खायचो. टीव्हीवर एक आजीबाई स्वयंपाक शिकवायच्या, त्यांच्याकडून शिकलो सगळं. एकदा पोस्टकार्ड टाकलं त्यांना. त्यांनी ते वाचलं… माझं नाव घेऊन."

"काय विचारलं होतंत?"

"एकट्यापुरता भात कसा लावावा, म्हणजे उरणार नाही."

खिडकीवर ओला बर्फ लागत होता, विरघळून खाली ओघळत होता. चिनात्सुला वाटलं, या माणसानं आपल्याकडची सगळ्यात जपलेली गोष्ट पुढं केली, पूल तपासायला. आणि ती गेल्यावर मुळ्याचं नाव सांगितलं. तिला रडू येत होतं आणि त्या रडण्यात कृतज्ञता होती. पण नुसती कृतज्ञता असती तर रजईखाली आपला पाय त्याच्या पायाशेजारून हलवावासा वाटला असता, आणि तसं मुळीच वाटत नव्हतं.

"मग काय म्हणाल्या त्या?"

"म्हणाल्या, उरू दे. रोज थोडा जास्तच लाव. येईल कुणीतरी."

"मग… आलं कुणी?"

"नाही." त्यानं पट्टीवरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं. "म्हणून मीच आलो."

तिनं कोटाच्या बाहीतून हात काढला आणि रजईवर, त्याच्या हाताशेजारी ठेवला. थोडा जास्तच शेजारी.

"एक अडचण आहे," ती जरा वेळानं म्हणाली. "पेटीतलं या घराबाहेर दिसत नाही म्हणालात ना? म्हणजे तुमचे उरलेले कार्यक्रम बघायला तुम्हाला इथंच यावं लागणार."

"हे मला दुकानातच माहीत होतं," तो म्हणाला.

"आणि तेव्हा सांगितलं नाहीत."

"खोकं सुटेल अशी भीती वाटली."

"सगळे बघून संपले की मग?"

"नवीन रेकॉर्ड करू ना," तो म्हणाला. तिनं त्याचा हात धरला, आणि त्यानं तो धरू दिला. गार पडलेली बोटं हळूहळू गरम झाली.

पट्टी भरली. पडद्यावर शब्द आले: हलवणं पूर्ण झालं. इनुईनं वाकून नमस्कार केला, यंत्राला की म्हाताऱ्याला ते कळलं नाही, आणि पेटीतून कार्यक्रम लावला.

आधी धक्का दिसला, पहाटेचा, दिव्यांच्या उजेडात. बर्फात मांडलेले लठ्ठ हिवाळी बुरी मासे. मग रबरी बूट घातलेले गेन्जिरो पुढं झाले, त्यांनी मान ताणली, आणि तो आवाज खोलीत आला. काचा थरथरल्या. इनुई दचकून मागे सरला. चिनात्सु ओक्साबोक्शी रडू लागली आणि रडता रडता हसू लागली, कारण वडील पडद्यासमोर येऊन उभे राहिले होते आणि त्यांचे ओठ प्रत्येक हाळीबरोबर हलत होते. एकही शब्द चुकत नव्हता. पडद्यावरचा माणूस ओरडत होता आणि खोलीतला माणूस त्याच्याबरोबर ओरडत होता, आणि त्या दहा मिनिटांत दोघांचा आवाज एकच होता.

कार्यक्रम संपला. गेन्जिरोंनी बाहीनं तोंड पुसलं. फ्रिजचा प्लग लावला, हीटर लावला, परत येऊन पाटी उचलली. लिहायला त्यांनी बराच वेळ घेतला, पुसून पुन्हा लिहिलं. मग पाटी दोघांकडे फिरवली, आणि दोघांचे हात घाईनं सुटले, म्हणजे तोवर ते सुटले नव्हते.

"मी मुका आहे, बहिरा नाही," पाटीवर होतं. आणि खाली, बाजारातल्या भल्या मोठ्या अक्षरात: "आजपासून भात जास्त लाव."

चिनात्सु उठली आणि तांदूळ धुवायला गेली.